नवीन नर्सची पहिली सॅलरी: ऑफर आल्यावर काय बघायचं, काय विचारायचं, स्टेप बाय स्टेप

माझ्या पहिल्या नोकरीची ऑफर फोनवर आली आणि मी फोनवरच हो म्हणून मोकळी झाले. आकडा ऐकून इतकी खूश झाले की दुसरं काही विचारायचं सुचलंच नाही, आणि मग पहिला पगार झाला तेव्हा हातात पडलं ते सांगितलेल्यापेक्षा बरंच कमी, कारण हॉस्टेलचे कापले, युनिफॉर्मचे कापले, डिपॉझिट म्हणून काहीतरी कापलं, आणि ऑफिसमध्ये विचारायला गेले तर उत्तर मिळालं की "सिस्टर, तो आकडा सीटीसी होता." मला तेव्हा सीटीसी म्हणजे काय (तुमच्यावर कंपनीचा एकूण खर्च, स्टेप ३ मध्ये नीट सांगते) हेच माहीत नव्हतं. तीन-चार वर्षं फार्माकॉलॉजी शिकलो, अॅनाटॉमी शिकलो, पण स्वतःचा पगार कसा वाचायचा हे कॉलेजात कोणीच शिकवलं नव्हतं.

त्यानंतर वॉर्डात दरवर्षी नवीन मुली आणि मुलं येताना बघितली आणि प्रत्येक बॅचचा प्रश्न तोच, "मॅडम, फ्रेशरला किती मिळायला पाहिजे?" एकच आकडा सांगता येत नाही, कारण देश, शहर, हॉस्पिटल, डिपार्टमेंट याप्रमाणे तो बदलतो. पण समोर आलेला आकडा बरा आहे की नाही हे तपासायची पद्धत मात्र सगळीकडे सारखीच आहे. तीच इथे लिहितेय.

स्टेप १: आधी बघा की पगार ठरवतं कोण

सरकारी किंवा मोठ्या पब्लिक हॉस्पिटलात पगार बहुतेक वेळा ठरलेल्या स्केलवर असतो. तिथे घासाघीस करायला जागा नसते, पण फायदा हा की स्केल छापलेली असते, कोणीही वाचू शकतं. उदाहरण म्हणून ब्रिटनची एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्य सेवा घ्या, तिथे २००४ पासून अजेंडा फॉर चेंज नावाची पगाराची पद्धत आहे आणि नवीन रजिस्टर्ड नर्स बँड ५ (बँड म्हणजे पगाराची श्रेणी) च्या पहिल्या पायरीवर लागते, दोन वर्षांनी पुढची पायरी, चार वर्षांनी त्याच्या पुढची, आणि महागड्या लंडन भागात वर वेगळा भत्ता. म्हणजे पहिल्या दिवशीच चार वर्षांनंतरची बेसिक (मूळ पगार) कुठल्या पायरीवर असेल ते कळतं.

मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात आतल्या आत एक रेंज ठरलेली असते, फ्रेशरला इथपासून इथपर्यंत, पण ती तुम्हाला कोणी दाखवत नाही, आणि एचआर साहजिकच खालच्या टोकापासून सुरू करतं. छोट्या हॉस्पिटलात तर सगळं तोंडी असतं, मालक किंवा मेट्रन (मुख्य नर्स) म्हणेल तो आकडा. तुम्ही यातल्या कुठल्या दारात उभे आहात हे आधी ओळखा, कारण स्केलवाल्या ठिकाणी पगार वाढवून मागणं वेळ घालवणं आहे (तिथे विचारायचं ते हे की आधीच्या अनुभवाची किंवा जास्तीच्या शिक्षणाची पायरी धरणार का), आणि तोंडी ठिकाणी न विचारणं म्हणजे नुकसान.

स्टेप २: नर्सचा सरासरी पगार बघून स्वतःची अपेक्षा ठरवू नका

मोबाईलवर "नर्सची सॅलरी" शोधलं की जो आकडा येतो तो सगळ्या नर्सचा मिळून असतो, त्यात वीस वर्षं काम केलेल्या इनचार्ज पण आल्या. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत मे २०२४ ला रजिस्टर्ड नर्सचा मधला वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता, म्हणजे निम्म्या त्याच्या वर आणि निम्म्या खाली, पण सगळ्यात कमी कमावणाऱ्या १० टक्के नर्स ६६,०३० डॉलरच्याही खाली होत्या. एकाच देशात, एकाच लायसनवर एवढी तफावत. नवीन माणसाने मधल्या आकड्याकडे न बघता खालच्या टोकाकडून मोजायला सुरुवात करायची, नाहीतर चांगली ऑफर पण अपमान वाटते आणि हातची जाते.

खरा आकडा कळतो तो एक-दोन वर्षं आधी पास झालेल्या सिनिअर्सकडून. त्यांना "किती मिळतं" असं विचारू नका, "हातात किती पडतं, आणि महिन्याला नाइट किती लागतात" असं विचारा. तीन वेगवेगळ्या हॉस्पिटलातल्या तीन जणींना विचारलं तरी अंदाज येतो. नर्सेस युनियन किंवा असोसिएशन असेल तर तिथे पण विचारा, त्यांच्याकडे करार असतात. मला लाज वाटली म्हणून मी हे कोणाला विचारलंच नव्हतं. पगाराबद्दल बोलणं वाईट दिसतं असं आपल्या मनावर बिंबवलेलं असतं आणि त्याचा फायदा पगार देणाऱ्याला होतो, घेणाऱ्याला कधीच होत नाही.

स्टेप ३: आकडा सोडवून बघा

ऑफरमध्ये मोठ्या अक्षरात असतो तो एकच आकडा, पण त्याच्या आत तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. बेसिक, भत्ते, मग या दोन्हीची बेरीज म्हणजे ग्रॉस, त्यातून टॅक्स, पेन्शन किंवा फंड, इन्शुरन्स असं कापून राहतं ते नेट म्हणजे तुमच्या हातात येतं ते. आणि सीटीसी म्हणजे तुमच्यावर कंपनीचा एकूण खर्च, त्यात हॉस्पिटलने तुमच्या फंडात भरलेला वाटा येतो, इन्शुरन्सचा हप्ता येतो, काही ठिकाणी जेवण, हॉस्टेल आणि ट्रेनिंगचा खर्च पण टाकलेला असतो. म्हणून सीटीसीला बाराने भागून खुश व्हायचं नाही.

बेसिककडे नीट बघा. बऱ्याच ठिकाणी फंड, ओव्हरटाइम, सुट्टीचे पैसे, नोकरी सोडताना मिळणारी रक्कम हे सगळं बेसिकवर मोजतात, त्यामुळे दोन ऑफर सारख्या दिसत असतील पण एकीत बेसिक कमी आणि भत्ते जास्त असतील तर ती पुढे जाऊन कमी पडते. एचआरला सरळ विचारा, "मॅडम, सगळी कपात होऊन पहिल्या महिन्यात अकाउंटला किती जमा होतील?" आणि उत्तर ईमेलवर द्यायला सांगा. फक्त तोंडी सांगायला तयार असतील तर सावध व्हा.

रजिस्ट्रेशन (नर्स म्हणून अधिकृत नोंदणी) अजून आलं नसेल, किंवा परीक्षेचा निकाल बाकी असेल, तर अनेक हॉस्पिटल ट्रेनी म्हणून कमी पगारावर घेतात. ते चालतं, पण कधीपर्यंत? "रजिस्ट्रेशन नंबर आल्याच्या तारखेपासून स्टाफ नर्सचा पगार लागू" हे वाक्य लेटरमध्ये पाहिजे. ते नसल्यामुळे नंबर येऊनही वर्षभर ट्रेनीच्याच पगारावर आयसीयू सांभाळणाऱ्या मुली मी बघितल्यात, काम पूर्ण स्टाफ नर्सचं आणि पगार शिकाऊचा.

स्टेप ४: तासाचा भाव काढा, हीच सगळ्यात महत्त्वाची स्टेप

बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे करा. समजा दोन ऑफर आहेत. पहिलीत महिन्याला १००० मिळतात (करन्सी कुठलीही धरा) आणि आठवड्याला ४८ तास ड्युटी, दुसरीत ९२० मिळतात पण ४० तास. पहिली मोठी दिसते ना? आता वर्षाचे ५२ आठवडे गुणिले ४८ भागिले १२ केलं की महिन्याचे २०८ तास येतात, म्हणजे तासाला ४.८१. दुसरीत महिन्याचे साधारण १७३ तास, म्हणजे तासाला ५.३१. कमी पगारवाली ऑफर तासाला १० टक्के जास्त देतेय, आणि वर तुमचे महिन्याचे ३५ तास वाचतायत झोपायला, अभ्यासाला, माणसात राहायला.

अजून एक गोष्ट जी कागदावर कधीच नसते, हॅन्डओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची सगळी माहिती पुढच्या नर्सला देणं. ड्युटी आठला सुरू असली तरी ओव्हर घ्यायला पंधरा मिनिटं आधी यायचं, आणि जाताना ओव्हर दिल्यावर, नोट्स पूर्ण केल्यावर, ड्रग मोजून दिल्यावर पंधरा मिनिटं जातातच. रोजचा अर्धा तास, महिन्याच्या २६ ड्युटी, १३ तास. वरच्या पहिल्या ऑफरमध्ये हे १३ तास फुकट गेले तर तासाचा भाव ४.५२ वर येतो. म्हणून विचारा की हॅन्डओव्हरचा वेळ शिफ्टमध्ये धरलाय की नाही, आणि जेवणाची सुट्टी पगारी आहे की बिनपगारी. १२ तासांच्या शिफ्टमध्ये बिनपगारी ब्रेक कापला जातो, आणि बऱ्याच वेळा तो ब्रेक मिळतच नाही, पेशंट सोडून जाणार कुठे.

१२ तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे आठवड्याचे ३६ तास, काही ठिकाणी हे फुल टाइम धरतात आणि काही ठिकाणी नाही, आणि फुल टाइम नाही धरलं तर इन्शुरन्स आणि रजा पण कमी होतात, तेव्हा ते पण बघून घ्या.

तुलना करायला एक जागतिक माप पण आहे. इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशनने (आयएलओ, कामगारांच्या प्रश्नांवरची जागतिक संस्था) १९७७ मध्ये खास नर्सिंगसाठी कन्व्हेन्शन (आंतरराष्ट्रीय करार) नंबर १४९ आणि त्याच्यासोबत रेकमेंडेशन (शिफारस) नंबर १५७ काढलं. रेकमेंडेशनमध्ये आठवड्याला ४० तासांकडे जायचं, ओव्हरटाइम धरून दिवसाला १२ तासांच्या वर नाही, दोन शिफ्टमध्ये निदान सलग १२ तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी निदान सलग ३६ तासांची, असं स्पष्ट लिहिलंय. रेकमेंडेशन कुठल्या हॉस्पिटलवर कायद्याने बंधनकारक नसतं, पण रात्रीची ड्युटी संपवून त्याच दिवशी दुपारी परत बोलावणारं रोस्टर "नॉर्मल" म्हणून कोणी गळ्यात घालत असेल तर आपल्याला माहीत पाहिजे की ते नॉर्मल नाही.

स्टेप ५: नाइट, रविवार, ऑन-कॉल, ओव्हरटाइम, प्रत्येकाचा दर वेगळा विचारा

नवीन स्टाफला नाइट जास्त लागतात हे सगळीकडचं सत्य आहे, त्यामुळे नाइटचा दर म्हणजे तुमच्या पगाराचा मोठा भाग. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये बँड ५ ला रात्री ८ ते सकाळी ६ आणि शनिवारी तासाच्या दरावर ३० टक्के जादा मिळतात, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला ६० टक्के. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने ओव्हरटाइम दीडपट असतो, आणि हॉस्पिटलांना एक वेगळी पद्धत घेता येते, दिवसाला ८ तासांच्या वर किंवा १४ दिवसांत ८० तासांच्या वर गेलं की ओव्हरटाइम सुरू. हे मी एवढ्यासाठी सांगतेय की चांगल्या व्यवस्थेत हे दर टक्क्यात लिहिलेले असतात. तुमच्या ऑफरमध्ये नुसतं "नियमानुसार" लिहिलं असेल तर तो नियम मागून घ्या.

प्रश्न असे विचारायचे: महिन्याला नाइट किती लागतात? नाइटला टक्का आहे की फिक्स रक्कम? डबल ड्युटी लागली तर पैसे मिळतात की कॉम्प ऑफ (बदल्यात सुट्टी), आणि कॉम्प ऑफ किती दिवसात संपवायचा, नाहीतर तो लॅप्स होतो आणि आपण बसतो बघत. ऑन-कॉल असताना घरी बसल्याचे काही मिळतात की फक्त बोलावलं तरच?

ज्यांना बँक, पूल किंवा कॅज्युअल कामाची (म्हणजे गरज लागेल तेव्हा बोलावतात त्या कामाची) ऑफर येते त्यांनी लक्षात ठेवा की तिथे तासाचा दर जास्त असतो (ऑस्ट्रेलियात साधारण २५ टक्के जादा लोडिंग असतं) पण तो जादा दर पगारी रजा नसल्याची भरपाई आहे. आजारी पडलात की शून्य. आणि पहिल्याच वर्षी रोज नवीन वॉर्डात फेकलं जाणं शिकायच्या दृष्टीने पण वाईट, माझं मत विचाराल तर निदान एक वर्ष एका जागी काढा.

स्टेप ६: डिग्री, डिपार्टमेंट, कोर्सेस

यावर जास्त लिहीत नाही. डिग्रीला डिप्लोमापेक्षा जास्त मिळतं का हे ठिकाणावर आहे, कुठे फरक असतो, कुठे दोघींना एकच. आयसीयू, ओटी, डायलिसिस, इमर्जन्सी इथे कधी कधी एरिया अलाउन्स (त्या विभागात काम करण्याचा भत्ता) असतो, तो विचारा. बीएलएस, एसीएलएस (जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांचे छोटे कोर्स) करायला लावणार असतील तर फी कोण भरणार आणि तो दिवस ड्युटी धरणार का, एवढं विचारलं की झालं.

स्टेप ७: पगाराच्या बाजूला पेशंटची संख्या मांडा

एका नर्सकडे किती पेशंट, हा प्रश्न पण पगाराचाच आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २००४ पासून कायद्याने प्रमाण ठरलंय, आयसीयूत जास्तीत जास्त २ पेशंटमागे एक नर्स, आणि साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात २००५ पासून ५ पेशंटमागे एक. आता तुमच्या ऑफरमध्ये पगार थोडा जास्त असेल पण वॉर्डात वीस पेशंट आणि रात्री तुम्ही एकट्या असाल, तर ते जास्तीचे पैसे कशाचे आहेत हे समजून घ्या. नवीन हात, वीस पेशंट, चूक झाली तर रजिस्ट्रेशन तुमचं. इंटरव्ह्यूमध्ये विचारा, "नाइटला माझ्याकडे किती पेशंट असतील आणि माझ्यासोबत सिनिअर कोण असेल?" आणि जमलं तर जॉइन व्हायच्या आधी वॉर्ड बघायला मागा, तिथल्या सिस्टर्सचे चेहरे खूप सांगून जातात.

ओरिएंटेशन किती दिवस हे पण इथेच विचारायचं. प्रिसेप्टर म्हणजे सोबत राहून शिकवणारी सिनिअर नर्स, ती किती आठवडे सोबत असेल, त्या काळात पगार पूर्ण असेल का. मला विचाराल तर थोडा कमी पगार पण तीन महिने नीट शिकवणारं हॉस्पिटल मी फ्रेशरला आधी सुचवेन, कारण त्या तीन महिन्यांवर पुढच्या नोकरीचा पगार उभा राहतो. पण "आम्ही शिकवतो म्हणून पगार कमी" म्हणणारे आणि तिसऱ्या दिवशी एकटीला नाइटला टाकणारे पण असतात, म्हणून शिकवण्याचा प्लॅन कागदावर मागा.

स्टेप ८: बाँड, नोटीस आणि ओरिजिनल सर्टिफिकेट

सही करायच्या आधी तीन गोष्टी शोधा. बाँड (ठराविक महिने नोकरी सोडणार नाही असं लिहून देणं) किती महिन्यांचा, मध्ये सोडलं तर किती भरायचे, आणि ती रक्कम जसजसे महिने जातील तसतशी कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते. चोवीस महिन्यांच्या बाँडमध्ये तेविसाव्या महिन्याला पण पूर्ण रक्कम मागणं अन्याय आहे, तिथे "उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात" असा बदल करून मागा, खूप ठिकाणी करतात.

नोटीस पिरियड दोन्ही बाजूंनी सारखा पाहिजे. तुम्ही तीन महिने द्यायचे आणि त्यांनी एका दिवसात काढायचं असं असेल तर बोला.

आणि ओरिजिनल सर्टिफिकेट कोणाकडेही ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. व्हेरिफिकेशनला दाखवा, समोर कॉपी काढू द्या, आणि तिथेच परत घ्या. माझ्या सोबतच्या एका मुलीचे ओरिजिनल ऑफिसच्या कपाटात अडकले होते, तिला दुसरीकडे चांगली संधी आली, तारीख निघून गेली, कपाट काही उघडलं नाही. ती किती रडली ते मी बघितलंय.

परदेशातल्या नोकरीसाठी एजंट पैसे मागत असेल तर हे पण माहीत असू द्या की आयएलओच्या १९९७ च्या कन्व्हेन्शन १८१ चं तत्त्व असं आहे की एजन्सीने काम शोधणाऱ्याकडून फी घ्यायची नाही, अपवाद अगदी मोजके. चांगल्या एजन्सीला पैसे हॉस्पिटलकडून मिळतात. लाखांची फी आणि वर "पगाराचं तिथे गेल्यावर बघू", हे ऐकलं की थांबा.

स्टेप ९: मागायचं कसं

बहुतेक जणी इथे अडकतात. घाबरू नका, भांडायचं नाहीये, एक-दोन वाक्यं पाठ करून जा. मी नवीन मुलींकडून हे वॉर्डात म्हणून घेते:

"सर, ऑफरबद्दल थँक्यू, मला इथे काम करायचंय. आठवड्याचे तास आणि नाइट बघता मी बेसिक थोडी जास्त धरून चालले होते. माझी आयसीयू पोस्टिंग पूर्ण झालीये आणि बीएलएस पण आहे. यात काही वाढ होऊ शकेल का?"

एवढं बोलून गप्प बसायचं. शांतता झाली की आपणच "नाही झालं तरी चालेल" म्हणून टाकतो, तेवढं करू नका. ते नाही म्हणाले तर दुसरा प्रश्न, "मग सहा महिन्यांनी पगाराचा रिव्ह्यू होईल असं लेटरमध्ये घालता येईल का?" तेही नाही तर हॉस्टेल, युनिफॉर्म, कोर्सची फी, जॉइनिंगची तारीख, यातलं काहीतरी मागा. आणि कोणी म्हणालं की "नर्सिंग ही सेवा आहे, तुम्ही पैशाचं काय घेऊन बसलात", तर नम्रपणे सांगा की सेवा मी मनापासून करणार आहे, पण भाडं मलाही भरायचंय. सेवा करणाऱ्याने उपाशी राहायचं असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

त्याच मिनिटाला हो म्हणू नका. "दोन दिवसांत कळवते" असं म्हटल्याने चांगली नोकरी जात नाही.

स्टेप १०: पहिली पे-स्लिप

पहिल्या महिन्यात स्वतःची डायरी ठेवा, तारीख, शिफ्ट, आलात किती वाजता, सुटलात किती वाजता, नाइट, डबल ड्युटी, कोणी थांबायला सांगितलं ते नाव. ड्युटी लिस्टचा फोटो काढून ठेवा, कारण लिस्ट महिन्याच्या मध्ये बदलते आणि जुनी फाडली जाते (फक्त फोटोत पेशंटचं नाव येऊ देऊ नका). पे-स्लिप आली की ऑफर लेटर शेजारी ठेवून एकेक ओळ लावा: बेसिक जुळते का, नाइट मोजून तेवढ्याच आहेत का, कपात कुठली कुठली, आणि प्रत्येक कपातीचा उल्लेख लेटरमध्ये होता का. काही चुकलं असेल तर त्याच आठवड्यात लेखी विचारा, भाषा साधी ठेवा, "माझ्या नोंदीप्रमाणे ७ नाइट आहेत, स्लिपमध्ये ५ दिसतायत, कृपया तपासावं." बहुतेक वेळा क्लार्कची चूक असते आणि पुढच्या महिन्यात फरक जमा होतो. तीन महिने थांबून विचारलंत तर तुमच्याकडे ड्युटी लिस्ट नसते आणि त्यांच्याकडेही नसते.